मेलेल्या माणसाचा होकार

१

सर जाऊन चार महिने झाले होते. त्यातल्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी एक शोधनिबंध वाचला, आवडला म्हणून कळवलं, आणि 'छापायला हरकत नाही' असा शेरा मारला. हे त्यांच्या बायकोला, बाईंना, कळलं ते बाईंच्या जुन्या शाळेत.

मुख्याध्यापिकेने फोन करून बोलावलं होतं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी शाळेत बाईंना अजून 'बाई'च म्हणत. शिक्षकांच्या खोलीत शिरताच त्यांना खटाखट आवाज ऐकू आला. दोन तरुण शिक्षिका जीवशास्त्राच्या पुस्तकांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक पुस्तकातली ठरावीक पानं स्टेपलरने बंद करत होत्या.

"हे काय चाललंय?"

"उत्क्रांतीचा धडा," मुख्याध्यापिका म्हणाली. "काढून टाकलाय. नवी पुस्तकं येईपर्यंत पानं शिवून टाका म्हणून वरून हुकूम आलाय."

"आणि तुम्ही शिवताय! तीस वर्षं शिकवला मी तो धडा."

"बाई, रागावू नका." मुख्याध्यापिकेने कपाटातून विज्ञानाचं एक नियतकालिक काढलं. "आम्ही कोण नाही म्हणणार? तुमच्याच सरांनी मान्यता दिलीय."

निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: ज्या मुलांना उत्क्रांती शिकवली, ती परीक्षेत जास्त कॉपी करतात. माणूस हाही एक प्राणीच हे कळल्यावर म्हणे मुलांची लाज मोडते. बाईंना हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. निबंधाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'परीक्षक', आणि पुढे सरांचं नाव.

आयुष्यभर ज्या माणसाने गावोगाव फिरून, शिव्या खाऊन, एकदा तर अंगावर अंडी झेलून उत्क्रांती शिकवली, त्याचं नाव.

"वर्तमानपत्रातही आलंय," मुख्याध्यापिका हळूच म्हणाली. "अखेरच्या दिवसांत सरांचं मतपरिवर्तन झालं म्हणून."

बाईंनी त्या नावापुढे छापलेली अभिप्रायाची तारीख पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचली.

"अखेरच्या दिवसांत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ऐकून स्टेपलर थांबले. "त्या दिवशी सर जाऊन दोन महिने झाले होते."

२

नियतकालिकाचे संपादक रसायनशास्त्रज्ञ होते. गोड बोलायचे, गुळगुळीत दाढी करायचे. सरांच्या शोकसभेत त्यांनीच सगळ्यांत लांबलचक भाषण केलं होतं.

"तुम्ही माझ्या नवऱ्याला श्रद्धांजली वाहिलीत," बाई खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "आणि मग त्यांना काम पाठवलंत?"

संपादकांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "यादी संगणकात असते, बाई. निबंध आला की संगणकच परीक्षकांना पत्रं पाठवतो. सरांचं नाव काढायचं राहून गेलं असणार."

"पत्र गेलं हे समजलं. उत्तर कसं आलं?"

संपादकांनी पाण्याचा पेला इकडून तिकडे सरकवला.

"कोणी तरी त्यांचं खातं उघडलं, एवढंच म्हणता येईल. पासवर्ड बरोबर होता. आम्हाला काय कळणार? परीक्षक मिळत नाहीत हो! काम फुकटचं. दहा जणांना विनवावं तेव्हा एक तयार होतो, तोही सहा महिने लावतो. इथे एका दिवसात अभिप्राय आला. आम्हाला आनंदच झाला."

"निबंध तुम्ही स्वतः वाचलात?"

"म्हणजे काय! उत्तम काम. विशेषतः ते आलेख फार बोलके आहेत."

"लेखक कोण? भेटलात त्यांना?"

लेखक कोणाला भेटला नव्हता. एका आडगावच्या महाविद्यालयाचा पत्ता होता. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितलं. पलीकडे लाकडाच्या वखारीचा मालक बोलत होता. महाविद्यालय केव्हाच बंद पडलं, तो म्हणाला, इथे आता फळ्या मिळतात, हव्यात का?

संपादकांनी फोन ठेवला आणि दार लावून घेतलं.

"बाई, हे आपल्यातच राहू द्या. परीक्षकांची नावं छापायची, ही पारदर्शकता आम्ही याच अंकापासून आणली. ऐन छपाईच्या वेळी मीच ठरवलं, चांगलं दिसेल म्हणून. आता याचा बोभाटा झाला तर लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल."

"विश्वासाची काळजी तुम्हाला आज लागली?" बाई कडाडल्या. "तो निबंध जसा आला तसा मला द्या. आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याने काय लिहिलं तेही द्या. नाही तर मी इथून थेट वर्तमानपत्रात जाते."

कागद मिळाले. जिन्यातच बाईंनी अभिप्राय उघडला. पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'मासा ओला आहे हे सिद्ध करायला समुद्र उपसावा लागत नाही.' हे वाक्य सरांचं होतं. घरात, जेवताना, वाद घालताना ते शंभरदा बोललेले.

ज्याने हे लिहिलं, तो त्यांच्या घरात बसलेला माणूस होता.

३

खात्याचा पासवर्ड म्हणजे सरांच्या कुत्र्याचं नाव. कुत्रा जाऊनही जमाना झाला होता, पण सर त्याचे किस्से येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नजर गेल्यानंतरच्या दोन वर्षांत सर पासवर्ड सांगून खातं दुसऱ्याकडून उघडून घेत, आणि घरी नेमाने येणारे तिघेच. एक संपादक. दुसरे सरांचे धाकटे भाऊ, दर रविवारी वर्तमानपत्र वाचून दाखवायला. आणि तिसरा सरांचा शेवटचा विद्यार्थी, ज्याला मूलबाळ नसलेल्या त्या घरात सगळे 'शेंडेफळ' म्हणत.

बाई आधी दिराकडे गेल्या. भाऊजी इंजिनियर, पूल बांधण्यात हयात गेलेली, आणि आता अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष. धडा काढण्याच्या हुकमावर सही त्यांचीच होती. उत्क्रांतीवरून दोघा भावांचं तरुणपणापासून वाकडं. एकमेकांवर जीव, पण हा विषय निघाला की ताटावरून उठायची वेळ यायची.

"सही करताना हात नाही थरथरला?" बाईंनी दारातच विचारलं.

"थरथरला," भाऊजी म्हणाले.

बाईंना भांडायचं होतं, पण त्या उत्तराने त्यांची पंचाईत झाली. भाऊजींनी त्यांना बसवलं. टेबलावर तोच अंक होता आणि सरांच्या नावाखाली पेन्सिलने रेघ ओढलेली.

"वहिनी, पन्नास वर्षं मी त्याला सांगत होतो की असलं शिकवून मुलं उद्धट होतात. माकडाची औलाद म्हटल्यावर पोर कोणाचा मान ठेवणार? कधी ऐकलं नाही त्याने. आणि शेवटी हे सिद्ध झालं, आणि दादाने स्वतः ते मान्य केलं. मला एका शब्दाने बोलला नाही, पण लिहून गेला." त्यांचे डोळे भरले. "हे नाव पाहिलं त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो."

या माणसाला सांगायचं कसं?

पण सांगितलं. तारीख दाखवली. भाऊजींनी ते आकडे वाचले. मग उठून खिडकीशी गेले.

"खोटं आहे हे," ते पाठमोरे म्हणाले. "तारीख चुकीची छापली असेल."

"कोणाशी बोललात का याबद्दल? धडा काढण्याआधी?"

"त्या शेंडेफळाचाच फोन आला होता. घाई करू नका म्हणाला. एक महिना थांबा."

"एक महिना?"

"हो. तेवढंच. 'काका, फक्त एक महिना थांबा.' मी म्हटलं, एवढ्या मोठ्या निर्णयाला कशाला थांबायचं?"

४

शेंडेफळाच्या प्रयोगशाळेत आंबट वास भरून राहिलेला असे. काचेच्या बाटल्यांत फळमाश्या पाळलेल्या. पिढ्या भराभर बदलतात, म्हणून उत्क्रांती डोळ्यांनी बघायची तर माश्या पाळाव्यात, असं सर म्हणायचे. बाईंना पाहताच तो धावत आला, स्टूल पुसून दिलं.

"तुझ्याशिवाय कोणाकडे जाऊ?" बाई म्हणाल्या, आणि सगळी कहाणी सांगितली.

ऐकता ऐकता तो तापत गेला. "त्या संपादकाला काय विचारता? तोच मुळात या सगळ्याचं मूळ आहे! बाई, सरांशी मी याच्यावरूनच भांडायचो. परीक्षण, परीक्षण म्हणून टेंभा मिरवतात. ओळखीच्याचा निबंध असेल तर डोळे झाकून पुढे, नवख्याचा असेल तर दोन वर्षं धूळ खात. माझाच निबंध यांनी एका ओळीत परत पाठवला. परीक्षकाने शीर्षकापलीकडे वाचलं नव्हतं, पैजेवर सांगतो! सर म्हणायचे, आत राहून सुधारू. अरे, कुजलेल्या भिंतीला आतून रंग देऊन काय होणार?"

"तू हा निबंध वाचलास?"

"असला कचरा वाचतंय कोण? पहिल्या पानावरच फेकून दिला. पाच वर्ग आणि सगळ्यांना शिकवणारी एकच बाई! असा कुठे प्रयोग असतो?" त्याने एक बाटली उचलून उगाच प्रकाशात धरली. "पुढच्या महिन्यात शास्त्रज्ञांच्या संमेलनात मुख्य भाषण माझं आहे. तिथे मी यांची लक्तरं टांगणार आहे. तोवर गप्प राहा, बाई. आत्ता बोललात तर प्रकरण दाबतील."

त्याने त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं, हात धरून चढवलं. पोटचा मुलगा काय वेगळं करतो?

घरी आल्यावर बाईंनी जेवणाच्या टेबलावर तिन्ही कागद मांडले: मूळ निबंध, अभिप्राय, छापलेला अंक. उत्तरपत्रिका तपासायच्या तशा त्या एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या.

अभिप्रायात लिहिलं होतं: 'पाचही वर्गांना एकाच शिक्षिकेने शिकवलं, ही या प्रयोगाची जमेची बाजू.' छापलेल्या निबंधात, आतल्या पानावर, तसं वाक्य होतं. मूळ निबंधात नव्हतं. बाईंनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. एकच शिक्षिका असल्याचा त्यात चकार शब्द नव्हता.

त्यांनी संपादकांना फोन लावला. "ते शिक्षिकेचं वाक्य केव्हा आलं?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "छपाईच्या आदल्या आठवड्यात. लेखकानेच कळवलं, एक वाक्य राहिलंय म्हणून. का हो?"

बाईंनी उत्तर न देता फोन ठेवला. परीक्षकाने ज्या गोष्टीची वाखाणणी केली, ती तोपर्यंत कागदावर उतरलीच नव्हती. ती फक्त एकाच डोक्यात होती. निबंध लिहिणाऱ्याच्या.

५

"दोन पोरांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यात काही विशेष नसतं," बाई म्हणाल्या. "चूक सारखी आली की समजायचं, डोकं एकच आहे."

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. शेंडेफळ माश्यांचं खाद्य ढवळत होता. त्याचा हात थांबला नाही, फक्त मंदावला.

"लेखकच परीक्षक, हे कळलं. पण कोण? पासवर्ड तिघांना माहीत. मी एकेकाला आठवून पाहिलं. संपादकांनी खोटा परीक्षक उभा केला असता, तर त्याचं नाव छापण्याचा निर्णय ते स्वतः कशाला घेते? मेलेला माणूस कोणी पाटीवर लावतं का? शिवाय ते म्हणाले, आलेख फार बोलके. त्या निबंधात एकही आलेख नाही. त्यांनी तो उघडलेलाच नाही. भाऊजी म्हणाले, मुलं उद्धट होतात हे सिद्ध झालं. निबंध कॉपीबद्दल आहे, उद्धटपणाबद्दल एक ओळ नाही. त्यांनीही वाचलेला नाही. राहिलास तू. तू म्हणालास, पहिल्या पानावरच फेकला. मग आतल्या पानावरची एकच शिक्षिका तुला कुठे भेटली?"

तो भांड्यात बघून ढवळत राहिला.

"ज्यांनी वाचला म्हणून सांगितलं त्यांनी वाचला नव्हता. ज्याने वाचला नाही म्हटलं, त्याला तो पाठ आहे. आणि भाऊजींना तू 'थांबा' म्हणालास ते एक महिना. प्रामाणिक माणूस म्हणाला असता, 'काका, हा निबंध खोटा आहे, कायमचे थांबा.' महिनाच का? तर महिन्याने तुझं भाषण आहे."

शेंडेफळाने चमचा खाली ठेवला. नवल म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही तरी होतं.

"मी चोर नाही, बाई. मी चोर दाखवणार होतो! मुद्दाम मूर्ख निबंध लिहिला. शेंबड्या पोरालाही कळेल इतका मूर्ख. बंद पडलेलं कॉलेज, जन्माला न आलेला लेखक, मेलेला परीक्षक. तरी छापला जातो की नाही ते बघायचं, आणि संमेलनात उघड करायचं. सर असते तर पोट धरून हसले असते."

"सर असते तर 'नाही' म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "जिवंत माणूस नाही म्हणू शकतो. म्हणून तू मेलेला निवडलास."

"नावं छापतील हे मला माहीत नव्हतं..."

"त्या दिवसांत तू रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचास. मला दोन घास खा म्हणायचास. मी ताटावर रडत होते, आणि तू घरी जाऊन त्यांच्या तोंडचं वाक्य ढापून हे लिहीत होतास!"



"धडा निघाला तेव्हा मी हादरलो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण आत्ता बोललो असतो तर नोकरी गेली असती. संमेलनात सांगितलं असतं तर... तिथे लोकांनी समजून घेतलं असतं."

"टाळ्या वाजवल्या असत्या, असं म्हण." बाई उठल्या. "तुझ्या टाळ्यांसाठी हजारो पोरांनी महिनाभर शिवलेलं पुस्तक दप्तरात वागवायचं? उद्या समितीची खुली बैठक आहे. सगळे पालक येणार आहेत. तिथे तू बोलायचं. तू नाही बोललास तर मी बोलेन, आणि मी काही झाकायची नाही."

६

तो बोलला. माइकसमोर उभा राहून, कागद न घेता, सगळं. सभागृहात एकच गिल्ला झाला.

"म्हणजे तुमचं सगळंच असलं?" एक बाप बाकावर उभा राहून ओरडला. "आज हे खोटं म्हणता, उद्या धडाही खोटा म्हणाल! आम्ही पोरांना शिकवायचं काय?"

संपादक लगबगीने पुढे आले. त्यांनी हात वर करून शांततेचं आवाहन केलं. "मित्रहो, चूक झाली, पण ती पकडली गेली. हेच तर विज्ञानाचं वैशिष्ट्य. पद्धत आपली चूक आपणच सुधारते."

"कोणी पकडली?" बाई जागेवरूनच गरजल्या. माइकची त्यांना गरज पडली नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज होता तो. "पद्धतीने? पद्धतीने तर मेलेल्या माणसाला सही करायला लावली! मी पकडली, कारण मी तो निबंध वाचला. इथे बसलेल्यांपैकी कोणी वाचलाय? हात वर करा. संपादक? समितीचे सभासद? बातमी छापणारे? तुम्ही, ते ओरडणारे? करा ना हात वर!"

शेंडेफळाचा हात अर्धा उठला आणि खाली आला. बाकी एकही नाही.

"एका पोराने खोटं लिहिलं. त्याला शिक्षा होईल, व्हायलाच हवी. पण न वाचता होकार देणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं काय करायचं? विश्वास, विश्वास म्हणून गळा काढता. विश्वास म्हणजे काय डोळे मिटून मान डोलावणं?" त्यांनी संपादकांकडे बोट केलं. "माझा नवरा मरेपर्यंत स्वतःच्या निबंधातल्या चुका शोधत होता. नजर गेली तरी वाचून घ्यायचा. त्याचं नाव घेताना जरा लाज वाटू द्या."

त्या खाली बसल्या. कोणी टाळी वाजवली नाही, आणि तेच त्यांना बरं वाटलं.

निबंध रद्द झाला. शेंडेफळाला विद्यापीठाने घरी बसवलं. संपादकांनी दिलगिरी छापली, अगदी बारीक टाइपात. धड्याबद्दल समितीने 'फेरविचार सुरू' असं कळवलं, म्हणजे काहीच कळवलं नाही.

बैठकीनंतर भाऊजी गाडीपाशी एकटेच उभे होते. बाई जवळ गेल्या.

"म्हणजे दादाने माझं ऐकलंच नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, भाऊजी. शेवटपर्यंत नाही."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "फेरविचाराच्या बैठकीआधी मी तो धडा वाचतो. पहिल्यांदाच वाचणार आहे, खरं सांगायचं तर. पटेल असं नाही." शिव्या घालाव्यात की हात धरावा? बाईंनी गाडीचं दार उघडून दिलं.

आठवड्याने शेंडेफळ दारात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बाईंनी त्याला आत घेतलं नाही.

"माफ करा म्हणायला आलोय."

"माफ करणारी मी कोण? पुस्तक मुलांचं होतं. त्यांच्याकडे जा. शाळाशाळांतून जा, आणि जे केलंस ते त्यांच्या तोंडावर सांग."

"ते मला दारात उभं करणार नाहीत."

"पहिल्या शाळेत मी सांगते. पुढचं तुझं तू बघ."

मुख्याध्यापिकेने तास दिला. बाई वर्गात गेल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून त्याचा आवाज येत होता, अडखळत, मध्येच तुटत. त्याने काही लपवलं नाही. बोलून झालं तेव्हा वर्गात चुळबुळ सुरू झाली, आणि मग एका मुलीचा आवाज आला, स्वच्छ, जरा फणकाऱ्याचाच:

"सर, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत. मग आत्ता जे सांगताय ते खरं कशावरून?"

आत कोणी हसलं नाही. बाई दाराशी सरकल्या. आता हा गोड बोलून वेळ मारून नेणार, विज्ञानाची थोरवी गाणार, सरांचं नाव पुढे करणार. तसं काही झालं तर आत जाऊन कानाखाली वाजवायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आत टेबलावर काचा वाजल्या.

"माझ्या सांगण्यावरून नाही," शेंडेफळ म्हणाला. "माझ्यावर तू विश्वास ठेवूच नकोस. मी माश्यांच्या बाटल्या आणल्यात. तू स्वतः बघ, लिही, आणि मी कुठे चुकतोय ते शोध."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोणी तरी म्हणालं, "मला बघू दे की!"

बाईंचा राग गेला नव्हता. तो जावा असंही त्यांना वाटत नव्हतं. पण त्या निघूनही गेल्या नाहीत. ती मुलगी पुढे काय विचारते, ते त्यांना ऐकायचं होतं.